थोरली परत येत नाही

६ मार्च, गुरुवार
उद्या माझा पहिला सिनेमा लागतो. म्हणून आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. तारखा नीट राहाव्यात, एवढंच.
संकल्प. परीक्षणं वाचायची नाहीत. थिएटरकडे फिरकायचं नाही. जुन्या सिनेमाचा विषय आपण होऊन काढायचा नाही.
जुना सिनेमा चाळीस वर्षांपूर्वीचा. थोरली बहीण दोन भावांना वाढवते. भाऊ मोठे होतात. थोरलीची अडचण व्हायला लागते. ती घर सोडून जाते. समाप्त. मी तो त्रेसष्ट वेळा पाहिला आहे आणि शॉट न् शॉट तसाच घेतला आहे. बदल एकच. माझी थोरली जाण्याआधी स्वयंपाकघरातल्या कात्रीने आपले केस कापते. तेवढ्याबद्दल लोकांनी माफ करावं.
उद्यापासून लोक जुना विसरतील. वाईट वाटतं, पण इलाज नाही.
बावीस वर्षं दुसऱ्यांचा सहायक होतो. हा तीन आठवडे टिकला की दुसऱ्या सिनेमाचा करार. निर्मात्याने शब्द दिला आहे. तो माझ्यापेक्षा लहान आहे आणि मला ‘सर’ म्हणतो. दुसरा सिनेमा लिहून कपाटात तयार आहे. त्याला कुठलाही जुना नाही.

७ मार्च, शुक्रवार, दुपारी चार
थिएटरवर गेलो होतो. फक्त आवाज तपासायला.
खुर्च्या सहाशे. माणसं अठ्ठेचाळीस, दरवान आणि मी धरून.
शेवटी थोरली गल्लीच्या टोकाशी वळते आणि ‘समाप्त’ येतं. दिवे लागले. कुणी उठलं नाही. पूर्ण एक मिनिट. या एका मिनिटासाठी बावीस वर्षं गेली, असं मनाशी म्हणत होतो, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून विचारलं, “संपला, की बिघडला?”
बाहेर एक आजीबाई दरवानाला धारेवर धरून होत्या. तिकीट पूर्ण घेतलं, मग थोरली परत येते तो भाग का गाळला? दरवानाने त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी नम्रपणे सांगितलं की ती परत येत नाही. आजीबाई म्हणाल्या, तुम्हाला काय माहीत?
तिकीटखिडकीतल्या बाई म्हणाल्या, ती केस कापते तिथे माझा हात आपोआप स्वतःच्या वेणीवर गेला. जुन्यात केस कापणं नाही. तेव्हा हे मत तुलनेला निरुपयोगी. इथे उगाच लिहिलं.

८ मार्च, शनिवार
परीक्षणं वाचली नाहीत. बायकोने वाचून दाखवली. तिला मी दुसरं वाचू नको म्हटलं, पहिलं पुन्हा वाच म्हटलं.
सगळ्यांचा सूर एकच. जुन्याच्या शेवटी थोरली परत येते. चादरींच्या घड्या घालत असते, दारावर थाप पडते, ती वळून किंचित हसते, दार उघडते, आणि पडदा शुभ्र उजेडाने भरून जातो. एकाने त्याला ‘पाच क्षणांचं पांढरं मौन’ म्हटलं आहे. हे मौन नव्या दिग्दर्शकाला पेललं नाही, असंही.
जुन्यात असलं काहीही नाही. घड्या आहेत, थाप आहे, दारही आहे. पण ते ती जाण्याच्या आधी. धाकट्या भावाची बायको पहिल्यांदा घरी येते, तिच्यासाठी थोरली दार उघडते. उजेड तर कुठेच नाही.
बायकोला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग माझ्या डोळ्यांसमोर कसा येतो?”

९ मार्च, रविवार
ताईचा फोन. काल मैत्रिणींना घेऊन गेली होती. आधी म्हणाली, कपडे छान आहेत. मग म्हणाली, गल्ली छान आहे. मी ओळखलं.
“तिला परत का नाही आणलंस रे?” शेवटी म्हणालीच. “एवढं काय घोडं मारलं होतं तिने तुझं?”
ताईने जुना अकरा वेळा पाहिला आहे. तेव्हा ती इथे मामाकडे शिकायला होती. मी वडिलांच्या बदलीच्या गावी. मी तो पुढे सिनेमाच्या शाळेत पाहिला, थेट मूळ निगेटिव्हवरून काढलेल्या प्रतीवर. म्हणजे आमच्या घरात तो नीट पाहिलेला माणूस मीच.
चाळीस मिनिटं समजावलं. ती म्हणाली, बोल तू, मी कपडे वाळत घालतेय.

१० मार्च, सोमवार
पुरावा. याहून सोपं काय असतं? संध्याकाळी ताईला बोलावलं. निःपक्ष माणूस हवा म्हणून शेजारचे निवृत्त न्यायाधीशही. जुन्याची डिस्क लावली. बायको मधल्या खुर्चीत.
शेवट आला. थोरली गेली. ‘समाप्त’वर चित्र थांबवलं आणि दिवा लावला. कुणी बोलेना. मला त्यांची जरा दयाच आली. चाळीस वर्षांचा गैरसमज एका मिनिटात जातो तेव्हा माणसाला सावरायला वेळ लागतो.
ताई म्हणाली, “ही कापलेली कॉपी आहे.”
बायको म्हणाली, तेच मी म्हणणार होते. डिस्कवाले शेवट कापतात, जागा वाचवायला.
मी न्यायाधीशांकडे पाहिलं. ते म्हणाले, साक्षीदार दोन, दोघींची जबानी जुळते. वस्तू मात्र आरोपीने स्वतः आणलेली आहे.
मी विचारलं, आरोपी कोण? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि चप्पल शोधू लागले.
ताईने जाताना पाठीवर हात फिरवला. पालथ्या घड्यावर पाणी. घडा ते आहेत.

११ मार्च, मंगळवार
प्रेक्षकांची चूक नाही. त्यांना तुलना कशी करावी हे कुणी शिकवलेलं नाही. जुना सिनेमा माणूस आपल्या वयासकट आठवतो. तेव्हा गुडघे दुखत नव्हते, शेजारी कुणीतरी बसलेलं होतं, सगळं छान होतं. नवा बघताना गुडघे दुखतात. दोष सिनेमाचा.
हे सगळं लिहून काढलं. ‘प्रेक्षक न्याय करतात का?’ शब्द तीन हजार. वर्तमानपत्राच्या कचेरीत स्वतः नेऊन दिलं.

१२ मार्च, बुधवार
छापून आलं. वाचकांच्या पत्रात, भटक्या कुत्र्यांच्या तक्रारीखाली, पाच ओळी. मथळा त्यांनी बदलला आहे. ‘दिग्दर्शकाची कबुली’.
दुपारी निर्मात्याचा फोन. शुक्रवारपासून एकच थिएटर आणि एकच खेळ, तीनचा. लोक ती परत येण्याचा सीन मागताहेत, तर तो घाला ना, दादा.
गेल्या आठवड्यापर्यंत ‘सर’ होतो.
मी तत्त्व म्हणून नाही म्हटलं. जुन्यात नसलेली गोष्ट मी जुन्याच्या नावावर खपवणार नाही. निर्माता म्हणाला, तत्त्व ठीक आहे, पण तिसरा आठवडा दिसला नाही तर दुसऱ्या सिनेमाचं अवघड आहे.
साडेपाच. तत्त्व म्हणजे नक्की काय, याचा एकदा नीट विचार केला पाहिजे.

१३ मार्च, गुरुवार
विचार केला. तत्त्वावर ठाम आहे. हा उजेड लोकांच्या डोक्यात शिरला कुठून, ते शोधून काढायचं. एकदा ते जगापुढे मांडलं की माझ्या सिनेमाचा न्याय आपोआप होईल.
थिएटरच्या मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, जुन्या ऑपरेटरकाकांना विचारा, तेव्हा मशीनवर तेच होते. थिएटरच्याच मागे राहतात. मग म्हणाला, तुमचं पोस्टर आम्ही जरा बाजूला सरकवलंय, दार उघडताना अडत होतं.

१४ मार्च, शुक्रवार
हा दिवस लक्षात राहील.
काकांची खोली म्हणजे एक खाट, एक खुर्ची आणि भिंतीला लावलेले रिळांचे रिकामे डबे. डब्यांत बटणं, औषधं, कांदे. काका ऐंशीच्या पुढचे. दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाले, हो, पाहिला तुमचा. आवाज चांगला होता.
मग मी उजेडाचं विचारलं. त्यांनी कांद्यांच्या डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं.
“झाकणं बदलली होती,” म्हणाले. “रिळं चौदा. तेराव्याच्या डब्यावर चौदाचं झाकण, चौदाव्यावर तेराचं. मी झाकण बघून लावलं. ती निघून गेली, पडद्यावर ‘समाप्त’, आणि दुसऱ्या मशीनवर अजून एक रीळ तयार. मी काय करणार? लेन्सपुढे हात धरला. ‘समाप्त’ गेलं तसा हात काढला आणि उरलेलं रीळ सोडलं.”
उरलेलं रीळ म्हणजे तेरावं. त्यात घड्या, थाप, हसणं, दार. दार उघडतं तिथेच ते रीळ संपतं, कारण बाहेर कोण आहे हे चौदाव्यात आहे. रीळ संपलं. काका गोंधळले. मशीन तसंच चालू राहिलं. फिल्म नसली की पडदा पांढराफट्ट होतो.
“लोकांना वाटलं, उजेड आला.”
पुढच्या खेळाला दुरुस्त का केलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, बायका रडत बाहेर पडत होत्या आणि तशाच डोळे पुसत तिकिटाच्या रांगेत उभ्या राहत होत्या. तुम्ही केलं असतं दुरुस्त?
मी म्हटलं, अर्थात.
काका गुडघ्याचा पट्टा सैल करू लागले.
या भागात फिरणारी प्रत एकच. ती पुढच्या गावी गेली तेव्हा काकांनी डब्यात चिठ्ठी घातली. ‘आधी चौदा, मग तेरा. समाप्तला हात धरावा. शेवटी पाच मोजून मशीन बंद.’ प्रत चार वर्षं फिरली. चिठ्ठी तिच्याबरोबर.
मी विचारलं, जुन्या दिग्दर्शकांना हे कधी कळलं का? काका म्हणाले, तिसऱ्या आठवड्यात आले होते. मागच्या रांगेत बसून पूर्ण पाहिला. मग जिना चढून केबिनमध्ये आले. काकांना वाटलं, गेली नोकरी. ते पाणी मागून प्यायले. पेला जागेवर ठेवला.
“काय म्हणाले?”
“म्हणाले, हात जरा हळू काढा.”
सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. घरी येताना दोनदा रस्ता चुकलो. सिद्ध झालं. माझी तुलना एका झाकणाच्या चुकीशी होत होती. आता कोण काय बोलणार?

१६ मार्च, रविवार
थिएटरच्या व्हरांड्यात पत्रकार परिषद. तिघे आले. काकांचं रेकॉर्डिंग ऐकवलं. तिघांनी ते आपापल्या फोनवर घेतलं. एकाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी अर्धा तास बोललो. माझं कुणी रेकॉर्ड केलं नाही, पण लक्ष देऊन ऐकत होते. असल्या गोष्टी मनात राहतात.
संकल्प. उद्या विजयाचा बडेजाव करायचा नाही. ताईला टोमणा मारायचा नाही. फारतर एक.

१७ मार्च, सोमवार
मथळे. ‘चुकूनही श्रेष्ठ!’ ‘एका हाताने अजरामर केलेला शेवट.’ तिसऱ्याने काकांच्या हाताचा फोटो पाव पान छापला आहे.
माझ्याबद्दल एक वाक्य. ‘याच नावाचा एक नवा सिनेमाही सध्या सुरू असल्याचे समजते.’
सकाळपासून ताईचे चार फोन. मी सांगितलं नव्हतं का, ती येते म्हणून.
मी म्हटलं, अगं, ती चूक होती. ताई म्हणाली, चूक होती तर तुझ्याकडून का नाही झाली?
बायकोने वर्तमानपत्राची घडी घातली. एवढंच म्हणाली, “हात दाखवून अवलक्षण.”

१८ मार्च, मंगळवार, सकाळ
मॅनेजरचा फोन. आवाजात इतका आनंद मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. शुक्रवारपासून जुना लावतोय, साहेब. काकांच्या क्रमाने. निर्मात्याशी बोलणं झालंय, हक्क त्यांच्याकडेच आहेत. चारही खेळ.
मी विचारलं, तीनचा?
तो म्हणाला, चारांत तीनचा आलाच ना.
निर्मात्याला सहा वेळा फोन केला. उचलला नाही. सातव्यांदा उचलून म्हणाला, अहो, मीटिंगमध्ये आहे.
सर, दादा, अहो. पुढे काय उरतं?

१८ मार्च, संध्याकाळ
दोन दिवस हातात आहेत. उद्याचा आणि परवाचा खेळ माझा आहे.
तत्त्वाचा पुन्हा विचार केला. जुना दिग्दर्शक पाणी प्यायला आणि हात हळू काढा म्हणाला. तो मोठा माणूस होता. मोठ्या माणसाचा कित्ता गिरवण्यात तत्त्व कुठे मोडतं?
एडिटरकडे गेलो. शेवटचे दोन भाग उलटे लावायला सांगितले. तो म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे, पण एकदा बघून घ्या. मी म्हटलं, बघायला वेळ नाही. शेवटी पाच सेकंद पांढरं टाक. नाही, आठ. तो माझ्याकडे बघून म्हणाला, केसांचं काय?
मी म्हटलं, कुठले केस?

१९ मार्च, बुधवार
तीनचा खेळ. माणसं एकतीस. बायको शाळेतून अर्धी रजा घेऊन आली. एका दिवसात डोळे खोल गेले आहेत तुझे, असं म्हणाली.
थोरली केस कापून निघून गेली. ‘समाप्त’ एडिटरने काढून टाकलं होतं. मग घड्या. थाप. थोरली वळली.
कमरेपर्यंत वेणी.
प्रेक्षागृहात एक खुर्ची करकरली. मग मागून एक आवाज, “बरीच वर्षं राहिली म्हणायची बाहेर.” दुसरा म्हणाला, वेणीवरून सहा तरी. मग एकतीसच्या एकतीस हसले. दार उघडलं आणि पडदा पांढरा झाला. तिघांनी शिट्ट्या मारल्या. एक जण फिल्म तुटली म्हणून मॅनेजरकडे तक्रार करायला उठला. ते आठ सेकंद मी मोजले. आठ नव्हते. वर्षभर होते.
बाहेर पडताना कुणीतरी म्हणत होतं, जुन्यात ती किती सहज परत यायची.
घरापर्यंत बायको दोन पावलं पुढे चालत होती. कुलूप उघडताना म्हणाली, “केस कापते ना, तेवढा वेळ मला जुना आठवला नव्हता. पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं. तू सारखा जुन्याचंच बोलत होतास.”
मी म्हटलं, तो बदल किरकोळ आहे.
ती म्हणाली, हो. तेवढाच तुझा होता. आज त्यावरच हसवलंस सगळ्यांना.

२० मार्च, गुरुवार
एडिटरला पुन्हा सरळ लावायला सांगितलं. तो म्हणाला, लावतो, पण कुणासाठी?
तीनच्या खेळाला नऊ माणसं. नियमाप्रमाणे दहाच्या खाली खेळ लावत नाहीत. मी तिकीट काढलं. दहा झालो. खिडकीतल्या बाईंनी न विचारता मधली खुर्ची दिली.
थोरलीने केस कापले. मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. कात्री बोथट आहे, एका दमात कापत नाही. तिला दोन-तीनदा दाबावी लागते. ते मी सांगितलं नव्हतं. शूटिंगच्या दिवशी चांगली कात्री हरवली होती.
पुढच्या रांगेत दोन बायका हातात हात घेऊन बसल्या होत्या.
केस कापणं बघून प्रेक्षकांना काय होतं, हे चौदा दिवसांत कुठेच लिहून ठेवलं नाही. वरती शोधलं. एकच ओळ सापडली. तिथे ‘निरुपयोगी’ लिहिलं आहे.

२१ मार्च, शुक्रवार
जुना लागला. जाणार नव्हतो. ताईने तिकिटं काढली होती.
सहाशे खुर्च्या भरलेल्या. भिंतीलगत उभी माणसं. थोरली गेली, ‘समाप्त’ उमटलं, आणि वरून काकांचा हात आला. पडद्यावर अख्ख्या हाताची सावली. पाच बोटं, थोडी थरथरणारी. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. हाताला. मग हात हळूच बाजूला झाला, घड्या, थाप, ती किंचित हसली, दार. उजेड.
ताई माझा दंड धरून रडत होती. बायकोही. मी दंड सोडवला नाही.
बाहेर लोक म्हणत होते, असा सिनेमा आता होत नाही. खरं आहे. तो तेव्हाही झाला नव्हता.
हे वाक्य कुणाला तरी ऐकवायला हवं होतं. आजूबाजूला सगळे डोळे पुसत होते.

२४ मार्च, सोमवार
मॅनेजरचा फोन. तीन दिवस, बारा खेळ, बारा वेळा केबिनचा जिना. काकांचे गुडघे बसले. डॉक्टरांनी जिना बंद सांगितला आहे.
मी म्हटलं, वाईट झालं. फोन ठेवला. मला काय त्याचं?
संध्याकाळी निर्मात्याचा फोन. आपण होऊन. अहो सर, म्हणाला. दोन्ही एकदम. हात धरायला माणूस हवा. कॉम्प्युटरवर करता येईल, पण लोकांना खरा हात हवा आहे. ऐन क्षणी धरता आला पाहिजे, सिनेमा पाठ असलेला माणूस पाहिजे. तुम्ही तो त्रेसष्ट वेळा पाहिलाय ना?
मी दुसऱ्या सिनेमाचं विचारलं. तो म्हणाला, आधी हे निभावून न्या. मग बसू.
मग बसू. म्हणजे नाही म्हणालेला नाही.

२५ मार्च, मंगळवार
काकांकडे जाऊन शिकून आलो. ते खाटेवर, पाय उशीवर. म्हणाले, ‘समाप्त’चा ‘स’ दिसला की उशीर झाला. त्याच्या आधी ती गल्लीत वळते तेव्हा श्वास घ्यायचा. मी वहीत लिहून घेतलं. बोटं किती अंतरावर, ते मोजलं. त्यांनी भिंतीवर हात धरून दाखवला, मी माझा त्याच्या शेजारी धरला. म्हणाले, बरा आहे.
उद्यापासून मी. नीट विचार केला तर ही पहिली पायरी आहे. अख्खा शेवट माझ्या हातात.
पोस्टरवर नाव टाकायचं का, असं मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, हाताचं नाव?

२८ मार्च, शुक्रवार
तीन आठवडे आज पूर्ण झाले असते.
तीन दिवसांत बारा खेळ. एकदाही चुकलो नाही. काकांपेक्षा वेळ अचूक, ‘स’ अजून एकालाही दिसलेला नाही. सावली स्वच्छ. बोटं स्थिर. काढतो सावकाश. शेवटी बरोबर पाच मोजतो.
आज शेवटच्या खेळानंतर मॅनेजर जिना चढून वर आला. मशीनवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाला, साहेब, राग मानू नका. लोकांची तक्रार आहे.
मी विचारलं, कशाची?
“हाताची. म्हणतात, आधीच्या हातात जीव होता.”
मी वाद घातला नाही. आधीचा मी पाहिला आहे.